खड्ड्यात जाण्याआधी

अभिनंदन! तुमच्याकडे जमीन आहे. बहुधा एक एकर, बहुधा सासवडच्या पुढे, आणि बहुधा बायकोच्या नावावर. कारण महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं आणि सातबाऱ्यावर नाव असलेलं तुमच्या घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. रविवारी तुम्ही गाडी काढून तिथे जाता, बांधावर उभे राहता, कमरेवर हात ठेवता आणि म्हणता, "आधी कुंपण घालून घेऊ." इथपर्यंत सगळ्यांचंच बरोबर असतं.

कुंपणाला खांब लागतात, खांबाला खड्डा लागतो आणि खड्ड्याला लागतं योग्य अवजार, असा तुमचा समज आहे. तो घट्ट धरून ठेवा. पुढचं सगळं मार्गदर्शन त्याच्याच जिवावर आहे. मी स्वतः या क्षेत्रात सहा महिने काढले आहेत. त्यात माझ्या हातून पुरे झालेले खड्डे किती, ते मात्र विचारू नका. तज्ज्ञांना असलं काही विचारत नाहीत.

१. आधी हिशोब करा

खड्डा खणण्याचा सर्वांत सुखाचा भाग हा. पंखा असतो, चहा असतो. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. जमीन चौरस धरली तर एक बाजू साधारण २०९ फूट, चारी बाजू मिळून ८३५ फूट. दर दहा फुटांवर एक खांब म्हणजे ८४ खांब. खांब सात फुटी. दोन फूट जमिनीत, पाच फूट वर. हे सगळं लॅपटॉपवर तक्त्यात भरा, रकान्यांना रंग द्या आणि घरच्यांना दाखवा.

आता वाईट बातमी. तुमचा एकर चौरस नाही. कुणाचाच नसतो. त्याला ओढ्याच्या अंगाला एक शेपूट असतं आणि रस्त्याच्या अंगाला एक कोनाडा, जो आजोबांच्या काळात कुणीतरी कुणालातरी विहिरीच्या पाण्याच्या बदल्यात दिलेला असतो. त्यामुळे खांब ८४ नाहीत, शंभरावर जातील. तक्ता बदलू नका. रंग चांगले आले आहेत.

मोजणी करून घेतली का, 'क' प्रत हातात आहे का, असं कुणी विचारलं तर "प्रोसेसमध्ये आहे" म्हणा.

२. जमीन ओळखा, निदान ओळखल्यासारखं करा

चिमूटभर माती उचला, बोटांत चोळा, डोळे बारीक करून लांब बघा. बस्स. पुरंदर, भोर, मुळशी, कुठेही जा, पायाखाली दख्खनचा लाव्हा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर ओतला गेला. त्या सुमारास डायनासोर गेले. हा राहिला, आणि आता तुमची वाट बघतो आहे. त्याचा वरचा भाग ऊनपावसाने कुजून मुरूम झाला, मुरमाची पुढे माती झाली. नदीकाठच्या भाग्यवंतांना माती पुरुषभर मिळाली, माळावरच्यांना वीतभर. तुमच्या एजंटने जिला 'व्ह्यू असलेली जागा' म्हटलं ती माळावरची.

मुरमावर मात्र भरवसा ठेवू नका. वरून तो इतका भुसभुशीत असतो की चपलेच्या टाचेने उकरावा. दीड फुटावर त्यात गोटा असतो: कांद्यासारखे पापुद्रे सुटत गेलेला आणि आत तसाच घट्ट राहिलेला काळा दगड. तो नेमका तुमच्या खांबाखालीच का असतो, याचं उत्तर भूशास्त्राकडे नाही.

ज्यांची जमीन काळी आहे त्यांनी उगाच हसू नये. काळं रान पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. मे महिन्यात त्याला अशा भेगा पडतात की त्यात पाना पडला तर नातवाला सापडावा. म्हणजे खड्डे तयारच असतात, फक्त तुम्हाला हवेत तिथे नसतात. आणि खांब रोवलेच, तर जमिनीच्या या श्वासोच्छ्वासात ते दोन-तीन वर्षांत एकमेकांना वाकून नमस्कार करू लागतात.

खणायची खरी वेळ पाऊस ओसरल्यावरची, जमिनीत ओल असताना. तुम्ही मे महिन्यातच खणा. मुलांना सुट्टी असते.

३. अवजारांची नावं शिका

इथे घाई करू नका, कारण नावांवर भांडण्यात दोन रविवार आरामात जातात. पुण्याकडे जी पहार, ती कोकणात पारई आणि विदर्भात सब्बल. तुमच्या सोसायटीत तिन्हीकडचे लोक असतील, तर तिघेही आपापल्या नावाचं अवजार जास्त जड असतं असं सांगतील. एका गावात ज्याला टिकाव म्हणतात त्याला पुढच्या गावात कुदळ म्हणतात, आणि दुकानदार दोन्हीला "ते ना?" म्हणून तिसरंच काहीतरी काढून देतो. खोरं आणि फावडं यांत फरक काय, यावर माझा मेहुणा आणि मी लग्नाच्या पंगतीत बोललो आहोत. निष्कर्ष निघायच्या आत मठ्ठा आला.

परदेशी चित्रफितींत एक दुहेरी दांड्यांचं चिमट्यासारखं अवजार दिसतं. दोन फावडी समोरासमोर. आपटायचं, दांडे फाकवायचे, माती उचलून बाजूला टाकायची. बघायला फार छान. तिकडची माती केकसारखी असते. रात्री झोपण्यापूर्वी एखादी बघत जा, मन शांत होतं.

४. टिकाव घ्या आणि ब्रासात हरा

पहिलं अवजार सगळे टिकावच घेतात. तो हातात घेतला की माणूस पोस्टरवरचा वाटतो. पहिले दहा घाव उत्तम बसतील. मग लक्षात येईल की टिकावाला फिरायला जागा लागते. दोन फूट खाली जायचं तर वर दोन फूट रुंदी हवी, नाहीतर दांडा कडेला आपटतो. म्हणजे खांबाला हवी असते बारीक विहीर आणि टिकाव देतो परात.

होऊ द्या. फक्त नंतर हिशोब करू नका, कारण मी केला. नऊ इंच व्यासाचा, दोन फूट खोल गोल खड्डा म्हणजे जेमतेम पाऊण ते एक घनफूट. दोन बाय दोन बाय दोनचा खड्डा म्हणजे आठ. असे ८४ खड्डे म्हणजे ६७२ घनफूट, पावणेसात ब्रास. तेवढी माती काढायची आणि तेवढंच काँक्रीट परत आत ओतायचं. नाहीतर सैल भरावात खांब दातासारखा हलतो. बारीक खड्ड्यांना एक ब्राससुद्धा लागत नाही. ठेकेदार तुम्हाला परातच खणायला सांगेल. खडी त्याच्या भावाची असते.

५. मोठी यंत्रं: लांबून नमस्कार करा

ट्रॅक्टरला मागे जोडायचा गिरमिट मिळतो आणि सपाट, मऊ रानात तो मिनिटा-दोन मिनिटांत खड्डा पाडतो. तुमचं रान सपाट आणि मऊ असतं तर ते विकलं कशाला असतं? दगड लागला की गिअरबॉक्स वाचावा म्हणून त्याचा एक बोल्ट मुद्दाम तुटतो. चालकाच्या शर्टाच्या वरच्या खिशात असे बोल्ट किती आहेत ते बघा. त्यावरून तुमच्या जमिनीबद्दल त्याचं मत कळतं. आमच्याकडे आला त्याने बांधावरूनच रान पाहिलं, खिसा चाचपला, "पाहुण्यांकडे कार्यक्रम आहे" म्हणाला आणि गेला.

जेसीबीबद्दल एवढंच: चार इंची खांबासाठी म्हैस पुरता येईल एवढा खड्डा हवा असेल तर जरूर बोलवा. गावातली मुलं बघायला येतात. वातावरणनिर्मिती उत्तम होते.

६. पाणी घाला

हा उपाय फुकट आहे, म्हणून त्यावर कुणाचा विश्वास नाही. संध्याकाळी खड्ड्याच्या जागी वीतभर आळं करून बादलीभर पाणी ओता आणि सकाळी खणा. मुरूम रात्रीत बराच नरमतो. काळ्या मातीत चिखल होतो, आणि तो अवजाराला असा चिकटतो की दर घावाला दोन किलो वजन वाढतं. काळ्या पाषाणात बेडूक येतात.

अर्थात संध्याकाळी पाणी घालायला संध्याकाळी तिथे असावं लागतं, आणि तुम्ही तर टोलची रांग टाळायला चारलाच निघता.

७. अर्थ ऑगर विकत घ्या

आता आपण मुख्य विषयाकडे आलो. आतापर्यंतच्या पायऱ्या तुम्हाला इथे आणण्यासाठीच होत्या. ऑगर म्हणजे पेट्रोलवर चालणारं गिरमिट: वर ५२ सीसीचं इंजिन, दोन्ही बाजूंना धरायला मुठी, खाली मोठ्या स्क्रूसारखं पातं. पाती चार इंचांपासून बारा इंचांपर्यंत मिळतात. तुम्ही आठ इंची घ्या, सोबत सहा आणि बारा इंचीही घ्या. लागत नाहीत, पण भिंतीला टांगली की घर शेतकऱ्याचं वाटतं.

विकणाऱ्याला "दगडात चालेल का?" असं विचारू नका. मी विचारलं. "साहेब, लोक याने आंब्याचे खड्डे घेतायत," असं तो म्हणाला. नीट वाचा, हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. मला ते खोक्याचं पॅकिंग फोडल्यावर कळलं.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा. माझ्या यंत्राच्या पत्रकात लिटरमागे ४० मिलिलिटर लिहिलं होतं. मापासाठी मी खोकल्याच्या औषधाचं झाकण नेलं आणि चार झाकणांनंतर किती झाली ते विसरलो. दोरी ओढा. पुन्हा ओढा. चोक बघा. पुन्हा ओढा. शेजारच्या रानातली माणसं काम थांबवून उभी राहिली की इंजिन सुरू होतं.

पहिला फूटभर जो आनंद मिळतो तो मी शब्दांत सांगू शकत नाही. पातं लोण्यात शिरल्यासारखं गेलं. मातीचं गोल आळं आपोआप भोवती जमलं. मी मुलाला हाक मारली, "व्हिडिओ काढ!" मुलाने काढला, म्हणूनच पुढचं सगळं उपलब्ध आहे. दीड फुटावर पात्याला गोटा लागला. पातं थांबलं. इंजिन थांबलं नाही. दोघांपैकी कुणीतरी फिरणं भाग होतं, म्हणून मी फिरलो. फार नाही, साधारण सव्वा फेरा. व्हिडिओत माझी टोपी आधी जाते आणि मी नंतर जातो.

घाबरू नका, हे सगळ्यांचं होतं. पाय फाकवून, यंत्र अंगाशी धरून उभं राहावं आणि दगड लागला की गॅस सोडावा, असं पत्रकाच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं. शेवटचं पान हिशोबाचे आकडे लिहायला फाडू नये.

मी उठलो, पँट झटकली आणि यंत्र उचलायला गेलो. ते येईना. पातं स्क्रूच, ते मुरमात पिळून बसलेलं आणि खाली गोट्याखाली अडकलेलं. उलटं फिरवायची सोय या यंत्राला नव्हती. इंजिन काढून पात्याच्या दांड्याला पाईप पाना लावला. पाना निसटला. मी आणि मेहुणा लोंबकळलो. मेहुण्याने "जॅक लावू का?" असं विचारलं. गाडीचा जॅक लावला. जॅक जमिनीत गेला.

८. मामांना बोलवा

या टप्प्यावर प्रत्येक जमिनीत एक मामा उगवतात. आमच्याकडचे शेजारच्या वस्तीवरून आले. साठी उलटलेले, डोक्याला टॉवेल, हातात कमरेपेक्षा बरीच उंच पहार. मघाशी काम थांबवून उभ्या राहिलेल्यांत ते होते. त्यांनी रुतलेलं पातं पाहिलं आणि काही बोलले नाहीत. न बोलण्याचे पैसे ते वेगळे घेत नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

आता नीट बघा, कारण आजच्या पाठात खरं अवजार इथेच आलं आहे, आणि तुम्हाला ते निवडता येणार नाही. मामा आधी खणत नाहीत. ते पहार वीतभर उचलतात, सोडतात आणि कान देतात. मातीत ती थप्प वाजते. मुरमात खच्च. गोट्यावर खण्ण. पात्याच्या एका अंगाला खण्ण वाजलं, ते हातभर सरकले. तिथे खच्च वाजलं. "हितनं जातंय," म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, जोरात मारा."

"पार मारायची नसती, साहेब. सोडायची असती."

त्यांनी दाखवलं. पहार दोन्ही तळव्यांत सैल, छातीपर्यंत उचलायची आणि तिच्या वजनावर सोडून द्यायची. टेकायच्या क्षणी मूठ जवळजवळ उघडी, म्हणजे दगडाचा हिसका हाताला येत नाही. प्रत्येक खेपेला पाव फेरा वळवायची, म्हणजे खड्डा गोलच पडतो. मी करून पाहिलं. मी घट्ट धरली होती; कोपरापासून दाढेपर्यंत झिणझिण्या आल्या. मामा म्हणाले, "जमंल." खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तेव्हा ते खरं नसणार हे ओळखलं.

पहारेचं तोंडही त्यांनी दाखवलं. बोथट झालं की ते लोहाराकडे नेतात. तो तापवून, ठोकून, पाणी देऊन आणतो. कडक झालं तर टवका उडतो, नरम राहिलं तर वाकतं. माझी नवी पहार त्यांनी हातात घेऊन पाहिली. दुकानातल्या लोकांनी तिला छान लाल रंग दिला होता. "ठेवा," म्हणाले.

खड्डा फूटभर गेला की प्रश्न माती काढायचा. नऊ इंचाच्या भोकात फावडं जात नाही. मी हे शिकण्यासाठी तीन चित्रफिती पाहिल्या होत्या. मामांनी पिशवीतून नारळाची करवंटी काढली, खड्ड्याशी पालथे पडले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि भुगा करवंटीने उपसून काढला. मग कान लावून दोनदा फुंकर मारली, का ते मला अजून समजलेलं नाही. लहान करवंटी चांगली, मोठी भरली की अडकते. हिची किंमत तुमच्या तक्त्यात कुठल्या रंगात दाखवाल ते बघा.

अर्ध्या तासात पात्याच्या अंगाने दोन फुटी खड्डा झाला, गोटा एका बाजूने मोकळा झाला, मामांनी पहार त्याच्याखाली सारून नुसतं अंग टेकलं आणि आमचं आठ इंची पातं दुधाचा दात पडावा तसं सुटून बाहेर आलं. खड्डा उरला. नेमका खांबाच्या जागी. उत्तम गोल. मामांनी त्यात खांब उभा केला, बाजूने मुरूम आणि दगडाच्या कपऱ्या भरल्या, धुम्मसाने ठोकल्या, पाणी मारलं. आमच्या कुंपणाचा तो पहिला खांब. अजून हलत नाही.

९. उरलेल्या खड्ड्यांचं नियोजन

मामांना विचारा, "दिवसाला किती होतील?" ते म्हणतील, "बघू." हा भाव नाही, हा करार आहे. मध्ये एक लग्न, एक जत्रा आणि कांद्याची काढणी येईल. सासरे फोनवर म्हणतील, "अहो जावईबापू, खांब कशाला? बांधाला शेर लावा, घायपात लावा. आमच्याकडे चाळीस वर्षं कुंपण उभं आहे, एक खड्डा खणलेला नाही." कोकणातला मित्र म्हणेल, "आमच्याकडे सरळ चिऱ्यांचा गडगा घालतात." दोघांनाही "हो, तेही चांगलं" म्हणा. तुम्ही तीन पाती घेऊन बसला आहात.

मामा काम करत असताना तुम्ही काय करायचं? दोरी धरायची. कुंपणाच्या ओळीत दोरी सरळ आहे का, हे बघायला शहाणा माणूस लागतो, असं मामा सांगतात. एकदा त्यांना खण्ण वाजलं तेव्हा त्यांनी खड्डा दोरीपासून चार बोटं आत घेतला. मी हरकत घेतली. "दगूड सरकवू, का दोरी?" एवढंच त्यांनी विचारलं. मी दोरी सरकवली.

१०. ऑगरचं काय करावं

धुवा, टाकीतलं पेट्रोल काढा, पात्यावर ग्रीस लावा आणि भिंतीला टांगा. पाहुण्यांना दाखवा. कुणी "कसा आहे?" म्हणून विचारलं तर "जमिनीवर अवलंबून आहे" म्हणा. हे उत्तर कुठल्याही अवजाराला चालतं.

आणि धीर धरा. आमच्या पलीकडचा एकर गेल्या महिन्यात विकला गेला. नवे मालक रविवारी आले, बांधावर उभे राहिले, कमरेवर हात ठेवले. मी दोरी गुंडाळत होतो. ते म्हणाले, "तुमचं कुंपण फार सुरेख झालंय हो. अशा कडक जमिनीत खड्डे कशाने घेतलेत?"

मी मामांकडे पाहिलं. मामा पालथे पडले होते, हात खांद्यापर्यंत खड्ड्यात.

"ऑगर," मी म्हटलं. "आता काम संपत आलं, मला लागणार नाही तसा. तीन पात्यांसकट देईन. अगदी नव्यासारखा आहे, एकच खड्डा घेतलाय त्याने."

खड्ड्यातून फुंकर मारल्याचा आवाज आला.